रबरी बेडूक

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दोनपैकी एक गोष्ट जडतेच, गुडघेदुखी किंवा छंद. मला छंद जडला. पण तो पाण्याकाठी तासन् तास उकिडवं बसण्याचा असल्यामुळे यथावकाश गुडघेही आलेच.

मी बँकेत क्लार्क आहे. घर साताऱ्याला, नोकरी सांगलीला. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा मी साताऱ्याला जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येतो. कृष्णामाईचं मात्र तसं नाही. महाबळेश्वराहून निघालेलं तिचं पाणी वाईवरून माहुलीला येतं, तिथं वेण्णेला भेटतं, पुढे कऱ्हाडला कोयनेला घेतं आणि सांगलीत आयर्विन पुलाखालून जातं. म्हणजे मी माहुलीला ज्या पाण्यात पाय बुडवून येतो तेच पाणी मला चार दिवसांनी सांगलीत भेटत असणार. बदलीच्या ऑर्डरीशिवाय आणि प्रवासभत्त्याशिवाय एवढी फिरती करणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

लहानपणी मामाबरोबर माहुलीला गळ टाकायला जात असे. बांबूची काठी, दोरा, शिशाचा मणी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गळाला कणकेची गोळी. कणीक मामी मोजून द्यायची, कारण तिच्या मते आम्ही आणलेल्या माशांपेक्षा नेलेल्या कणकेच्या पोळ्या जास्त झाल्या असत्या. हिशेब बरोबर होता. मासे गोळी खाऊन जायचे आणि आम्ही पुन्हा गोळी लावायचो. आता वाटतं, तो व्यवहार किती सचोटीचा होता! मासा फसला तरी त्याच्या तोंडात खरी कणीक असे. नाही फसला तर त्याचं जेवण झालेलं असे.

ही सचोटी माझ्या भाच्यानं संपवली. तो अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिकडे 'बास' नावाचा एक मासा आहे आणि त्याच्यापायी अर्धी अमेरिका वेडी आहे. जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, तो विक्रम सत्त्याहत्तर वर्षं टिकला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेला मासा त्याच्यापेक्षा फक्त एक औंस जास्त भरला. आणि एवढ्याशा फरकाला नवा विक्रम धरत नाहीत म्हणून दोघांना बरोबरीत ठेवलं. आमच्या बँकेत एका पैशासाठी ताळेबंद अडतो हे भाच्याला सांगितलं तर तो हसतो. मासे मोजणारे लोक आमच्यापेक्षा उदार निघाले.

तर या भाच्यानं येताना माझ्यासाठी चाळीस कप्प्यांचा एक डबा आणला. उघडला तर सोनाराचं दुकान! एका कप्प्यात चमच्याच्या आकाराची चकचकीत पत्री. एकात फिरत्या पात्याचा भिंगरीसारखा प्रकार. एकात तोंड फाटलेला लाकडी मासा, ओढला की पाण्यात 'गुळूप' असा आवाज काढणारा. रबरी गांडुळं तर सात रंगांची होती, त्यांतलं जांभळं पाहून आमच्या हिनं मुलीच्या साडीला तो रंग हवा म्हणून सांगितलं. आणि शेवटच्या कप्प्यात एक हिरवा रबरी बेडूक, पाठीशी दोन गळ दडवून, डोळे मिटल्यासारखा साधुपुरुष.

"मामा, यातलं काहीच खायचं नाही," भाचा म्हणाला. "सगळं खोटं. खोटं हलवायचं कसं एवढंच शिकायचं."

मग त्यानं मला फिनलंडच्या लॉरी रापाला या कोळ्याची गोष्ट सांगितली. हा गरीब माणूस तळ्यावर मासे धरताना एक गोष्ट पाहत असे. मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यावर येतो तेव्हा तो नेमका लंगडत, तिरका पोहणारा मासा उचलतो. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचं रोगण दिलं, आणि तो पाण्यात लंगडेल अशी व्यवस्था केली. त्या लंगडण्यावर पुढे जगभर चालणारी कंपनी उभी राहिली. दुबळ्याला खायला टपलेल्यांपुढे दुबळेपणाचं सोंग आणायचं, ही त्या धंद्याची सगळी पुंजी. आमच्याकडे कर्ज बुडवणारे काही पक्षकारही साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना असेच लंगडतात, पण त्यांनी पेटंट घेतलेलं नाही.

बास आपल्याकडे नाही. पण त्याचा मानसबंधू आहे, तो म्हणजे मरळ. पाणवनस्पतीत दडून बसणारी, सापासारख्या डोक्याची, अंगावर चट्टेपट्टे असलेली. पाण्यातला प्राणवायू तिला पुरत नाही, म्हणून अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. त्यामुळे बाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात घमेल्यात वळवळत विकली जाते. बेडूक दिसला की झेप घालते. म्हणजे माझ्या साधुपुरुषाला शिष्या मिळाली.

सांगलीजवळच्या एका गावतळ्यावर मी रविवारी जाऊ लागलो. नदीवर का नाही, असं कोणी विचारेल. कृष्णेत सांगलीपासून वर औदुंबर-भिलवडीकडे मगरी आहेत, आणि मी ज्याला ओंडका समजून त्यावर पाय ठेवणार होतो तो ओंडका एकदा आपण होऊन पाण्यात गेला. त्यानंतर मी तळ्यावरच निष्ठा ठेवली.

पहिल्या चार महिन्यांत मी काय काय धरलं याची यादी मोठी आहे. वेड्या बाभळीच्या फांद्या, एका बाईंचा वाळत घातलेला परकर, डाव्या पायाची चप्पल (उजवी पुढच्या रविवारी), आणि स्वतःची टोपी, दोनदा. मासा शून्य. तळ्याकाठी एक म्हातारे भोई येऊन बसत. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते माझं सगळं पाहत आणि काही बोलत नसत. एके दिवशी न राहवून म्हणाले, "साहेब, तुमचा बेडूक लईच घाईत हाय. बेडूक काय कोर्टात जातुय व्हय? त्याला जरा बसू द्या, इचार करू द्या."

मग त्यांनी मला शिकवलं. बेडूक जलपर्णीच्या कडेला टाकायचा. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवायचा नाही. मग दोन उड्या. पुन्हा थांबायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मरळ बेडकावर आली, पाणी फुटलं, छातीत धस्स झालं, तरी लगेच झटका द्यायचा नाही. एक, दोन, तीन मोजायचं. तिला तो तोंडात नीट घेऊ द्यायचा. मगच काठी उचलायची. सगळं कसब त्या तीन आकड्यांत आहे. नवशिक्याचा हात 'एक'लाच उठतो आणि बेडूक रिकामा उडून परत त्याच्याच कपाळावर बसतो. माझ्या कपाळावर तो सहा वेळा बसला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बँकेत ही गोष्ट कळली आणि तिचा नैतिक प्रश्न झाला.

आमचे हेडकॅशियर कांदाही खात नाहीत. ते म्हणाले, "जीव घेता ते घेता, वर फसवून घेता. निदान खरं गांडूळ तरी लावा." मी बी. कॉम. असल्यामुळे मला लगेच १८७२चा करार कायदा आठवला. मोबदला नसेल तर करार रद्द, कलम २५. आणि पाळायचा इरादा नसताना दिलेलं वचन म्हणजे कपट, कलम १७. रबरी बेडूक म्हणजे दुसरं काय? पाय हलवून दिलेलं जेवणाचं वचन, पाळायचा इरादा अजिबात नाही. मी हे उदारपणे कबूल केलं. त्यावर आमचे कर्जविभागवाले म्हणाले, "अहो, पण कलम ११ पाहा. आधी मासा सज्ञान आहे का ते सिद्ध करा." टेबलाभोवती हशा झाला आणि गिऱ्हाइकं काउंटरवर चलनं आपटू लागली.

घरी हिनं वेगळाच प्रश्न काढला. "त्याला दुखत नाही का हो?" पूर्वी यावर मी 'माशाला काय कळतंय' असं म्हटलं असतं. पण २००३ साली लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधक बाईंनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. मासे अंग हेलकावू लागले, ओठ तळाच्या वाळूवर घासू लागले, खायला यायचे बंद झाले. आता याला दुखणं म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तरी दाढ दुखली की मीही उशीवर गाल घासतो आणि जेवत नाही. जर्मनीत तर नुसत्या मौजेखातर मासा धरायचा आणि सोडून द्यायचा हे कायद्याला चालत नाही. खायचा असेल तर धरा म्हणतात. म्हणजे तिथं दयाळू माणूस गुन्हेगार आणि खादाड माणूस सभ्य. मी हिला म्हटलं, "मी जर्मन कायदा पाळीन." ती म्हणाली, "आधी लागू दे तरी."

माझं स्वतःचं समाधान मी एका जुन्या, सर्वमान्य युक्तिवादानं केलं होतं. मासा लोभानं मरतो. आमिषाला भुलला, त्याचं त्यानं भोगलं. हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. आमच्या बँकेच्या भिंतीवरही तेच लिहिलंय, 'आमिषाला बळी पडू नका'. लॉटरी लागली म्हणून फोन येतो, दामदुप्पट म्हणून लिंक येते, माणूस दाबतो आणि बुडतो. मग तो काउंटरवर आला की आम्ही सगळे गंभीर चेहरा करून मनात म्हणतो, लोभ दुसरं काय. या चोरीला इंग्रजीत नाव पण 'फिशिंग'च आहे. स्पेलिंग तेवढं बदललंय, बहुधा आमच्यासारख्यांना लाज वाटू नये म्हणून.

गेल्या जुलैतली गोष्ट. रविवार. पाऊस नुकता उघडला होता. मामांनी तळ्याच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. पाण्यावर ताटाएवढा लालसर डाग दिसत होता, आणि तो हलत होता. जवळून पाहिलं तर शेकडो इवलीशी शेंदरी पिल्लं, एकमेकांना चिकटून, वर येऊन घोट घेणारी. पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसत होतं.

"त्या लालीत टाका," मामा म्हणाले. "लागतीया बगा."

मी टाकला. बेडूक पिल्लांच्या मधोमध पडला. वर्तुळं विरायचीसुद्धा वाट पाहावी लागली नाही. खालून अशी काही उसळी आली की तळं फाटल्याचा आवाज झाला. मी मोजलं. एक, दोन, तीन. काठी वाकली. पुढची पाच मिनिटं मला माझं वय, पगार आणि हुद्दा, काही आठवत नव्हतं. सव्वादोन किलोची मरळ! भाच्याला फोटो पाठवला, त्यानं तिकडून पहाटे टाळ्या पाठवल्या. हिनं कालवण केलं आणि भाकरीबरोबर आम्ही ते खाल्लं. मरळीला काटे कमी. फार चांगलं झालं होतं. हे खोटं कशाला सांगू?

सोमवारी मी काउंटरवर येईल त्याला फोटो दाखवत होतो.

साडेअकराच्या सुमाराला गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, आमच्या शाखेचे जुने खातेदार. पेन्शन काढायला आले की माझ्या स्लिपांवरची ऱ्हस्व-दीर्घं सुधारून जातात. त्या दिवशी त्यांना एन.ई.एफ.टी. करायचं होतं. एक लाख ऐंशी हजार. ठेव मोडून. दूरच्या राज्यातल्या कुठल्या तरी खात्यावर. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "काय गुरुजी, एवढी रक्कम?" "घरगुती आहे," ते म्हणाले. "जरा लवकर कराल का?" मी एरवी या कामाला वीस मिनिटं लावतो. त्या दिवशी खुशीत होतो, सहा मिनिटांत केलं. आणि पलीकडे साहेबांचा पास होईपर्यंत त्यांना मरळीचा फोटो दाखवला. "छान आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नव्हतं हे मला नंतर कळलं.

चार वाजता ते परत आले. त्यांना सकाळी फोन आला होता. पोलीस बोलतोय म्हणाला. नातू पुण्याला शिकतो, तो एका भानगडीत सापडलाय, तासाभरात पैसे भरले तर नाव निघेल, कोणाला सांगाल तर निघणार नाही. आणि मागे एक पोरगा रडत होता, 'आजोबा, आजोबा'. नातू त्या वेळी कॉलेजात तासाला बसला होता, फोन बंद करून.

आम्ही १९३० नंबरवर तक्रार लावली. वाटेत कुठंतरी अठरा हजार अडकवून ठेवता आले. बाकीचे गेले.

शाखेत नेहमीची चर्चा सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "बोर्ड लावलाय तरी लोक आमिषाला..." गुरुजी बाकावर बसले होते, त्यांनी ऐकलं. उठले. वर्गात फळ्यापाशी उभे राहत तसे उभे राहिले.

"आमिष कसलं?" ते म्हणाले. "मला कोणी काही देत नव्हतं. रामायण वाचलंय ना तुम्ही? सोनेरी हरीण दाखवून मारीचाला फक्त रामाला लांब नेता आलं. तेवढ्यानं सीता हाती लागली नसती. लक्ष्मण होता दारात. मग त्यानं मरताना रामाच्या आवाजात हाक मारली. तेव्हा सीतेनं लक्ष्मणाला घालवलं. हरणाला भुलली म्हणा हवं तर. हाकेला काय म्हणाल?"

कोणी काही म्हणालं नाही. हेडकॅशियरांनी त्यांना चहा आणवला. मी खाली मान घालून दिवसाचं स्क्रोल जुळवत होतो. त्या दिवशी ते पहिल्या फटक्यात जुळलं. रकमेत काही चूक नव्हती. सही बरोबर, खातं बरोबर, शिल्लक बरोबर. सगळे नियम पाळून मी त्यांचे पैसे सहा मिनिटांत पोहोचवले होते.

पुढच्या रविवारी मी तळ्यावर गेलो. लाल डाग नव्हता. जोडीतली दुसरी मरळ एकटी राखायला पुरी पडली नसेल, चिलापीच्या टोळ्यांनी पिल्लं खाल्ली असतील, किंवा ती मोठी होऊन पांगलीही असतील. आठ दिवसांत एवढी मोठी होतात का, हे मी मामांना विचारलं नाही.

दुसरं विचारलं. "मामा, ती मरळ भुकेली नव्हती ना?"

"न्हाई," मामा म्हणाले. "पिल्लं राखताना ती काय खातीया? रागानं आली. पिल्लांत काय घुसलं म्हणून आली."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठावं हुतं की. आमी न्हाई टाकत त्यात कदी. पुढल्या सालाला काय खायाचं मग?"

"मग मला का सांगितलंत?"

मामांनी विडी पेटवली. "चार म्हैनं रिकामं जात हुता तुमी. वाईट वाटाय लागलं."

म्हणजे या सगळ्या प्रकरणात मरळ पिल्लांच्या मायेनं आली, गुरुजी नातवाच्या मायेनं आले आणि मामा माझ्या मायेनं बोलले. लोभी म्हणावा असा एकच इसम हाताला लागतो, आणि तो काठीच्या या टोकाला बसला होता. भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बासचं पण तसंच असतं मामा. नर घरट्यावर राखण करत बसतो. वसंतात तिथंच टाकायचा. हमखास." मग जरा थांबून म्हणाला, "काही लोक नाही टाकत." तो कुठल्या लोकांत आहे हे त्यानं सांगितलं नाही, आणि मीही मामाच असल्यामुळे विचारलं नाही.

मी मासे धरणं सोडलेलं नाही. माझ्या हातून तसं होणार नाही. कालवणाची आठवण अजून ताजी आहे. फक्त पावसाळ्यात काठी माळ्यावर असते, आणि दिवाळीनंतर ती काढली की मी पुष्कळदा कणीक नेतो. मासे ती खाऊन जातात. हिचा हिशेब मामीसारखाच आहे.

बदल झाला तो काउंटरवर. आता कोणी वयस्क माणूस घाईघाईत, घाम पुसत, ठेव मोडायला आला की मी मनात एक, दोन, तीन मोजतो. मग सही जुळत नाही म्हणतो. पासबुकाची झेरॉक्स आणायला पाठवतो. सर्व्हर डाऊन आहे म्हणतो. क्लार्कचा आळस ही गोष्ट लोकांना इतकी परिचयाची आहे की कोणाला संशयसुद्धा येत नाही. मध्यंतरी एका आजींना तीन वेळा बाहेर पाठवलं, तेवढ्यात त्यांचा मुलगाच शोधत आला. त्याला म्हणे अपघात झाला होता. तो स्कूटरवरून आला होता आणि हेल्मेटसुद्धा काढायचं विसरला होता. आजी त्याच्या खांद्यावर मारत राहिल्या.

पण दुसरे एक गृहस्थ खरोखरच मुलीची कॉलेजची फी भरायला आले होते आणि शेवटची तारीख होती. माझ्या झेरॉक्समुळे त्यांना दंड पडला. त्यांनी तक्रारवहीत लिहिलंय, 'काउंटर क्र. ३ वरील कर्मचारी मुद्दाम वेळ काढतात'. साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. कालपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय, 'सविनय सादर की' एवढंच लिहून झालंय. दंडाचे दोनशे रुपये त्या गृहस्थांना माझ्या खिशातून द्यायला गेलो तर ते म्हणाले, "ही काय नवीन स्कीम आहे?" आणि घेतले नाहीत.